सतरा एक

नवनाथ घारेचे डोळे गेले तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता तो. सकाळच्या पाळीला कॉस्टिक सोड्याच्या पाइपाचा जोड सुटला आणि चिळकांडी थेट तोंडावर आली. पुढचे सात महिने दवाखान्यात गेले, आधी पनवेलला, मग मुंबईला. उजवा डोळा पहिल्याच दिवशी संपला होता. डावा वाचेल, वाचेल असं डॉक्टर म्हणत राहिले आणि एका सोमवारी म्हणायचे थांबले.

सुनितानं त्याला घरी आणलं. चौक गावापासून दोन किलोमीटर आत, प्रबळगडाच्या अंगाला त्यांचं गाव. विटांचं दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी, आणि तिसरीत जाणारी मुलगी, रिया. नवनाथ भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. लोक भेटायला यायचे, चहा घ्यायचे आणि निघताना दारात सुनिताशी हळू आवाजात बोलायचे. ते सगळं त्याला ऐकू जायचं. वर्षभर हे असंच चाललं.

मग एका दुपारी त्यानं विचारलं, "सुनिता, रियाची गणिताची वही हाय का गं? चौकटीची?"

तिला वाटलं कुठल्या कागदावर सही करायची असेल. "कशाला?"

"लिही. एकाला एक लागून, असे अकरा एक."

तिनं लिहिले.

"आता तेविसानं भाग दे."

"मला कुठं येतंय गणित? धावीला अडतीस मार्क होते."

"भागाकार येतो ना?"

"येतो."

"मग बास."

तिनं भागाकार केला. तीन वेळा खोडलं, पण शेवटी जमला. बाकी दहा उरली. तिनं सांगितल्यावर तो ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "बरोबर हाय. धाच उरते. आता सदुसष्ट घे."

त्या दिवशी तो उठून बसला होता हे तिच्या नंतर लक्षात आलं.

नवनाथ कर्जतला कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकला होता. वडील गेले, कंपनीत जागा निघाली आणि कॉलेज सुटलं. गणित हा त्याचा विषय होता, आणि लग्नाच्या बारा वर्षांत तो तिच्याशी या विषयावर एक शब्द बोलला नव्हता. मूळ संख्या म्हणजे काय, हे सुनिताही कधीतरी शाळेत शिकून विसरली होती. जिला एकानं आणि तिच्या स्वतःनंच भाग जातो, दुसऱ्या कुणानंही जात नाही, ती मूळ. नवनाथ हे शब्द वापरायचा नाही. फुटतो आणि फुटत नाय, एवढंच म्हणायचा.

त्याला नाद होता तो नुसत्या एकांनी बनलेल्या आकड्यांचा. दोन एक, म्हणजे अकरा, फुटत नाही. तीन एक सदतीसनं फुटतात, पाच एक एक्केचाळीसनं, सात एक दोनशे एकोणचाळीसनं. चार, सहा, आठ, नऊ एकांकडे बघायचंच नाही. एक किती आहेत तो आकडाच फुटणारा असला, की पूर्ण संख्या फुटतेच. हे त्यानं तिला चण्याचे ढीग करून समजावलं होतं, हातानं चाचपत. अकरा एकांना त्यांना दोन महिने लागले. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग दिला आणि बाकी शून्य आली. "परत कर," तो म्हणाला. परत शून्य आली. त्याचा चेहरा उतरलेला तिनं पाहिला. तेरा एक तर पहिल्याच झटक्याला गेले, त्रेपन्ननं.

"आता सतरा," तो म्हणाला.

सतरा एकांचा आकडा तिच्या छोट्या कॅल्क्युलेटरवर मावत नव्हता. चौकटीच्या वहीत मात्र एका ओळीत आरामात बसायचा. कॉलेजात शिकलेल्या एका नियमावरून नवनाथला ठाऊक होतं, की याला भाग जायचाच तर अशा आकड्यानं जाईल, ज्याला चौतीसनं भागल्यावर एक उरतो. म्हणून चौतीस-चौतीसच्या उड्या मारत पुढे जायचं. सकाळभर तो पडवीत बसून पुढचे आकडे मनात घोळवायचा. ज्यांना तीन, सात, अकरा अशा लहानसहान आकड्यांचा भाग जाई ते गाळून टाकायचा. शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायचा. यातून उरलेले पाच आकडे दुपारी चारसाठी ठेवायचा. चार वाजता सुनिता वही घेऊन बसायची. तो भाजक सांगायचा, ती प्रत्येक पायरी मोठ्यानं म्हणत भागाकार करायची, आणि बाकी आली की त्याला वाचून दाखवायची. चुकली तर बहुतेक वेळा त्याला ऐकूनच कळायचं.

"हे किती दिवस चालंल?" तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"आकड्याच्या वर्गमुळापर्यंत जायला लागंल. मंजे धा कोटी चोपन्न लाख. तिथवर नाय फुटला तर तो मूळ."

"आणि रोजचे पाच धरले तर?"

"चारशे वर्षं. थोडी जास्तच."

ती हसली. तोही हसला. अपघातानंतर तो हसलेला तिनं पहिल्यांदा बघितला.

"मग कशाला करायचं?"

"फुटायचा असंल तर फुटंल मदीच कदीतरी. नाय फुटला तर आपण हाय तवर तरी तो उभा हाय."

रिया सातवीत असताना घरात मोठा फोन आला. तिनं लगेच म्हटलं, बाबा, याला विचारूया की, हा सगळं सांगतो. नवनाथ तिच्यावर कधी ओरडायचा नाही, त्या दिवशीही ओरडला नाही. तिला जवळ बसवून म्हणाला, "फोनला ठाऊक असंल. मोठ्या मोठ्या लोकांनाबी ठाऊक असंल. मला नाय ठाऊक ना? मग झालं. या घरात हा आकडा फोनला इचारायचा नाय." रियानं ते पाळलं. पुढे तिचं त्या आकड्याकडे लक्षही राहिलं नाही. चार ते पाच आईबाबा कामात असतात, एवढंच ती मैत्रिणींना सांगायची.

सुनिता सकाळी सातला निघायची. खालापूरच्या रस्त्याला मुंबईवाल्यांचे फार्महाऊस आहेत, त्यांतल्या एकात ती स्वयंपाक करायची. दुपारचं जेवण झालं की भांडी आवरून ती रिक्षा पकडायची आणि साडेतीनला घरी. पाहुणे जास्त असले आणि मालकीणबाईंनी संध्याकाळपर्यंत थांब म्हटलं, तर ती नाही म्हणायची. कारण सांगायची नाही. सांगितलं असतं तर त्यांना काय कळलं असतं? नवऱ्याला गोळ्या द्यायच्या असतात, असं एकदा सांगून ठेवलं होतं.

आधी ती हे त्याच्यासाठी करत होती. किती वर्षं गेली आणि कधी ते तिचं स्वतःचं झालं, हे तिला सांगता आलं नसतं. सात आकडी भाजकाची सातपट ती आता कागदाला पेन न लावता सांगायची. भाजी चिरताना, रिक्षात बसल्यावर, वजाबाक्या तिच्या डोक्यात आपोआप चालू असायच्या. जावेनं एकदा हिणवलं, की आंधळ्याच्या नादानं ही पण खुळी झाली. सुनिताला राग आला नाही. दहावीला अडतीस मार्क मिळालेली ती बाई रोज पाच आकडे उलथून बघत होती आणि सतरा एक जागचे हलत नव्हते. सकाळी सातपासून तीनपर्यंत तिला कोणी काही विचारत नसे. चार वाजता मात्र एक माणूस कान देऊन तिचा प्रत्येक अंक ऐकायचा.

अशी दहा वर्षं झाली. सत्तेचाळीस वह्या भरल्या. भाजक साडेपंचवीस लाखांच्या पुढे गेला.

रियानं डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी लागली. दिवाळीला ती चार दिवस घरी आली ती एक ठराव मनात धरूनच. पुण्यात एक संस्था होती, डोळे गेलेल्यांना बोलणारा कॉम्प्युटर शिकवायची. सहा महिन्यांचा कोर्स. रियाच्या ऑफिसातल्या एका मुलाचा मामा तिथेच शिकून आता बँकेत कामाला होता. रिया खोली बदलायला तयार होती. आईबाबांनी तिच्याकडे यायचं, बाबांनी शिकायचं, पन्नाशीच्या आत आहेत अजून, काहीतरी होईल.

नवनाथनं सगळं ऐकून घेतलं. "चांगलं हाय," म्हणाला. "पण आता कुठं जाऊ गं? आकडा अर्ध्यात सोडून?"

"बाबा, अर्ध्यात कुठे? तुम्हीच म्हणता चारशे वर्षं लागतील."

"तेच तर."

पाडव्याच्या सकाळी सुनिता ओट्यापाशी करंज्यांचा डबा भरत होती. रिया आत आली आणि तिनं मागे दार लोटून घेतलं. बाहेर पडवीत नवनाथ उन्हाला बसून ओठ हलवत होता.

"आई, मी टाकला तो आकडा."

"कुठं?"

"फोनवर. एक साइट असते, आकडा टाकला की त्याचे तुकडे करून देते." तिनं फोन पुढे केला. "फुटतो तो, आई."

सुनितानं हात पुसले आणि फोन घेतला. पडद्यावर सतरा एक होते आणि खाली दोन आकडे, मध्ये गुणिले. पहिला आकडा तिनं डावीकडून वाचला. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. दुसरा फार मोठा होता, पाचशे छत्तीस कोटींचा, तो तिनं वाचलाच नाही.

"पण वीस लाख तर झाले," ती म्हणाली. "वीस लाख आमी कवाच केले."

रियानं फोन परत घेतला.

"फोन चुकत असंल."

"मी तीन ठिकाणी बघितलं." रियाचा आवाज एकदम लहान झाला होता. "मला वाटलं, अजून यायचा असेल तो आकडा. मला वाटलं सांगता येईल बाबांना की पुढे आहे, बघा सापडला. आई, मला काय माहीत तुम्ही तो ओलांडून गेलात."

वह्या पलंगाखालच्या पेटीत होत्या, पाठीवर क्रमांक टाकलेल्या. नवनाथ रियाचा हात धरून भावाकडे पाडव्याला जाऊन बसला तेव्हा सुनितानं पेटी ओढली. एकोणचाळिसावी वही. पान सापडायला वेळ लागला नाही, तिचं अक्षर तिला माहीत होतं. वर तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची, भाद्रपदातली. २०७१७२३. खाली दहा पायऱ्या आणि बाकी.

ती जमिनीवर बसली आणि एकेक पायरी तपासायला लागली. सहा पायऱ्या बरोबर होत्या. सातव्या वजाबाकीला सात लाख एकोणचाळीस हजार सहाशे पाच यायला हवे होते. तिनं लिहिले होते सात लाख एकोणचाळीस हजार पाचशे पाच. सहाच्या जागी पाच. तिथून पुढचं सगळं त्या पाचवर उभं होतं. तिनं वहीच्या कडेला, बारीक अक्षरात, सहा धरून पुढच्या तीन पायऱ्या केल्या. शेवटी चौदा लाखांची बाकी, तिच्यापुढे एक उतरवला, सातनं भाग गेला आणि खाली काही उरलं नाही.

तो आठवडा तिला आठवला. नवनाथला न्यूमोनिया झाला होता. पनवेलच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता, आठ दिवस. आकडे त्यानं आधीच गाळून सांगून ठेवले होते, चाळीस, आणि जाताना रिक्षात धाप लागलेली असताना म्हणाला होता, खाडा करू नको. तिनं खाडा केला नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसून तिनं रोज पाच भागाकार केले. संध्याकाळी त्याच्या कानाशी वाकून ती म्हणायची, पाची झाले, एकबी नाय गेला. बाकी किती उरली हे ती वाचून दाखवत नव्हती. त्याला श्वास पुरत नव्हता, त्याला आणखी आकडे कुठे ऐकवायचे?

आता तिनं ती चुकीची बाकी मोठ्यानं वाचली. एकोणीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. भाजक वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस, बाकी एकोणीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. तिनं नुसतं तोंडानं म्हटलं असतं तरी त्यानं ऑक्सिजनखालून हात वर केला असता.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी रिया पुण्याला गेली. "तू सांग, आई," म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होणार." ती रडत होती, आणि तिच्यामुळे झालं असं काही नाही हे सुनितानं तिला दोनदा सांगितलं.

सांगायचं होतं ते सुनिताच्यानंही दोन दिवस झालं नाही. दोन दिवस ती चार वाजता वही घेऊन बसली. नवनाथनं दिलेले साडेपंचवीस लाखांचे भाजक घेतले, पायऱ्या म्हटल्या, बाक्या वाचल्या. तिच्या हातून एकही चूक झाली नाही. मेलेल्या माणसाची नाडी बघत बसावं तसं तिला वाटत होतं.

"तुझा आवाज बसलाय," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "रियाची सय येते?"

"व्हय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्यानं पहिला आकडा सांगितला आणि ती लिहिण्याऐवजी म्हणाली, "अवो, आज एक जुना परत घेऊ."

"कोणता?"

"वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

"तो झालाय."

"परत घेऊ."

तो तिच्या दिशेनं वळला. दहा वर्षांत तिनं स्वतःहून एकही आकडा सुचवला नव्हता. "घे," तो म्हणाला.

तिनं वहीत लिहिलं नाही. पाठ झालं होतं. एकेक पायरी म्हणत गेली आणि तो मान हलवत गेला. सातव्या पायरीला तिनं सहाशे पाच म्हटलं. आठवी. नववी. "एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट," ती म्हणाली.

"सात," तो म्हणाला. आणि मग त्याचं त्यानंच गुणून बघितलं. बाहेर नव्या रेल्वेच्या बोगद्याचा सुरुंग उडाला आणि पत्रे थरथरले.

"बाकी नाय," नवनाथ म्हणाला.

"नाय."

"पहिल्यांदा कवा केलता?"

"तुमी पनवेलला होता तवा."

"शिल्लक किती लिवलीस?"

तिनं सांगितली. आकडा ऐकताना त्याचं डोकं किंचित वर झालं, लगेच, तिला वाटलं होतं तसंच. त्याचे ओठ हलायला लागले.

"एक लाखाचा फरक," शेवटी म्हणाला. "मंजे तीन पायऱ्या आधी शंभराची चूक."

"सहाच्या जागी पाच लिवले मी."

"हं."

ती वाट बघत होती. त्यानं ओरडावं, वही भिरकावावी, दोन वर्षं फुकट घालवलीस म्हणावं, असं काहीही. त्यानं विचारलं, "तुला आता कसं कळलं?"

"रियानं फोनवर बघितलं."

"फोनला किती येळ लागला?"

तिला खोटं बोलायचं होतं. "लगेच," ती म्हणाली. "बोट उचलायच्या आधी."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "एकोणीसचं काय? एकोणीस एक?"

रियानं तेही बघितलं होतं. तिला वाटलं होतं, हे ऐकून बाबांना बरं वाटेल. "एकोणीस नाय फुटत," सुनिता म्हणाली. "मूळ हाय. लोकांनी कवाच काढून ठेवलंय, शंभरेक वर्षं झाली."

"आणि तेवीस?"

"तो बी मूळच."

"मंजे पुढले दोनी उभे," नवनाथ म्हणाला. "आपला सतराच फुटका."

त्यानं हातानं चाचपत भिंत धरली, उठला आणि आत जाऊन पडला. ती वही घेऊन पडवीत बसून राहिली. पाच वाजून गेले तरी बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी तो पडवीत आला नाही. तिनं चहा आत नेऊन दिला. आठवड्याभरानं तिनं धीर करून विचारलं, दुसरा तुकडा जो आहे, पाचशे छत्तीस कोटींचा, त्याला पहिल्यापासूनचे भाजक परत लावून बघायचं का आपण, एक चूक निघाली तशी आणखीही राहिली असेल? ती रिक्षात बसून त्यावरच विचार करत आली होती. त्याचं वर्गमूळ लहान असणार, चारशे वर्षं नाही लागणार, आपल्या हयातीत होईल.

"फोनला इचार," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. भात आहे का विचारल्यावर आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाला तो.

तिनं फोनला विचारलं नाही. स्वतः एकटीनं सुरुवात केली, फार्महाऊसच्या मागच्या पायरीवर बसून. चार दिवस केलं. मोठ्यानं म्हणायची सवय होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. पायऱ्या चुकायला लागल्या. पाचव्या दिवशी वही तिथेच राहिली, आणायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

मार्गशीर्षात रिया आली आणि बाबांना पुण्याला घेऊन गेली. तो नाही म्हणाला नाही. संस्थेतल्या बाई चांगल्या होत्या, कॉम्प्युटर मराठीतही बोलायचा. बारा दिवस तो गेला. शिकवतील ते करायचा, कोणी विचारलं तर उत्तर द्यायचा. तेराव्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर तो कपडे न घालता पलंगावर बसून राहिला, आणि रिया ऑफिसातून परत आली तेव्हाही तसाच बसलेला होता, टॉवेलवर, थंडीत. रियानं आईला फोन केला. सुनिता मिळेल त्या एसटीनं गेली आणि त्याला घेऊन आली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या तो वेळेवर घेतो.

तिला आता साडेतीनला परतायची गरज नव्हती. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा ती संध्याकाळपर्यंत थांबायला हो म्हणाली. दुपारचं जेवण शेजारची हिरूकाकू त्याला वाढायची. एकदा काकू म्हणाली, "बाकी तरास नाय गं त्याचा. पण दिसातनं धा येळा टाइम इचारतो. मी तरी किती येळा घड्याळ बघू?"

"कशाला इचारतात?"

"मी इचारलं. काय नाय मंतो."

रियानं पुण्याहून त्याच्यासाठी एक मनगटी घड्याळ पाठवलं. बटण दाबलं की एका बाईच्या आवाजात, हिंदीतून, वेळ सांगायचं. सुनितानं ते त्याच्या हाताला बांधलं, बटण कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. त्यानं एकदा दाबून बघितलं. "चांगलं हाय," म्हणाला. रियाला फोनवरही तेच सांगितलं.

त्या रविवारी सुनिताला सुट्टी होती. ती ओट्यापाशी तांदूळ निवडत बसली होती, तो आतल्या खोलीत पलंगावर. रियाच्या ओळखीच्या एका मुलाकडचे लोक पुढच्या महिन्यात घरी येणार होते, त्यांच्यासाठी काय करायचं हा विचार तिच्या डोक्यात चालला होता. आतून आवाज आला. "दस बजकर चालीस मिनट." तिनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. पाहुण्यांसाठी पुरणपोळी की नुसता गोड शिरा? दिराकडून चार खुर्च्या आणाव्या लागतील.

"दस बजकर बयालीस मिनट."

तिनं सूप खाली ठेवलं आणि वाकून आत बघितलं. तो ताठ बसला होता, डाव्या हाताचं मनगट उजव्या हातात धरून, जणू कोणी बोलावणार आहे. ओठ मिटलेले होते. तिनं विचारलं, "काय पायजे का?"

"नाय," नवनाथ म्हणाला.

ती परत तांदळाकडे वळली.

"दस बजकर तैंतालीस मिनट," घड्याळातली बाई म्हणाली.